खिडकी सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत

एका नागरी सहकारी बँकेत मी एकोणतीस वर्षं कॅशच्या खिडकीत बसले. काचेच्या वर पाटी होती : ‘खिडकी सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत. नंतर तक्रार चालणार नाही.’ तुम्हीही ती कुठल्या तरी बँकेत पाहिली असेल. घाईघाईने नोटा पिशवीत कोंबणाऱ्या ग्राहकाला मी ती बोटाने दाखवायचे. आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, २०२४ च्या जूनमध्ये, बालीतल्या कुटा भागात एका विशीतल्या पोराने माझ्या डोळ्यांदेखत सोळा नोटा गायब केल्या. मला ते कळलं हॉटेलात, तीन तासांनी.

हे लाज बाजूला ठेवून तपशिलात सांगते, कारण हीच युक्ती थोड्याफार फरकाने बऱ्याच देशांत चालते.

आम्ही चौघं होतो. मी, हे, नणंद आणि तिचे यजमान. कुट्याच्या त्या रस्त्यावर पैसे बदलून देणारे पानाच्या टपऱ्यांसारखे ओळीने बसलेले. बहुतेकांच्या पाटीवर एका डॉलरला १६,२०० ते १६,२५० रुपिया असा भाव. एका गल्लीच्या तोंडाशी मात्र १६,६०० लिहिलेले. आत गेलो तर टी-शर्टचं दुकान, कपड्यांच्या रांगेमागे एक टेबल, टेबलावर कॅल्क्युलेटर आणि तो पोरगा. आम्ही ३०० डॉलर काढले. त्याने ४९,८०,००० चा आकडा दाखवला. लाखाच्या नोटा संपल्यात म्हणाला, पन्नास हजारांच्याच आहेत. मग वीस-वीस नोटांच्या चळती लावल्या, म्हणजे दहा-दहा लाखांच्या. चार पूर्ण, पाचवी एकोणीस नोटांची, वर तीस हजारांचे सुटे. मी प्रत्येक चळत उचलून मोजली. बरोबर ९९ नोटा.

तेवढ्यात तो म्हणाला, ‘वन मिनिट, मॅडम.’ सगळ्या चळती स्वतःकडे ओढल्या, एकावर एक रचल्या आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठोकून कडा सरळ करू लागला. आम्ही कॅशियर करतो अगदी तसंच. त्याच क्षणी शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या पोराने ह्यांना विचारलं, ‘इंडिया? शाहरुख खान?’ आम्ही चौघंही हसून तिकडे पाहिलं. ठोकता ठोकता गठ्ठ्याची मागची बाजू टेबलाच्या कडेबाहेर गेली आणि खालच्या नोटा त्याच्या पोटाशी उघड्या असलेल्या ड्रॉवरमध्ये पडल्या. हे मी पाहिलं नाही, नंतर ताडलं. रबर लावलेला गठ्ठा माझ्या हातात आला, मी तो पर्समध्ये टाकला आणि वर ‘थँक्यू’ म्हणाले.

हॉटेलात मोजल्या तर ८३ नोटा. आठ लाख रुपिया कमी, आपल्या हिशेबाने चार हजार रुपयांच्या वर. हॉटेलच्या एका माणसाला घेऊन परत गेलो. टेबलामागे भलताच पोरगा बसला होता आणि त्याला आमच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं.

मी मोजण्यात चुकले नव्हते. माझं चुकलं ते एवढंच, की माझ्या मोजणीनंतर नोटा पुन्हा त्याच्या हातात गेल्या. बँकेत आमचा साधा नियम होता : मोजलेलं पुडकं दुसऱ्याच्या हातात गेलं आणि परत आलं, की ते न मोजलेलं समजायचं. मग तो दुसरा म्हणजे स्वतः मॅनेजर असला तरी. परदेशात पैसे बदलताना हा एक नियम पाळला तरी हातचलाखीचे बरेचसे प्रकार लागू पडत नाहीत. आधी त्याच्या नोटा टेबलावर येऊ द्या. आपले डॉलर तोवर आपल्याच मुठीत. मोजून झाल्या की त्या थेट पर्समध्ये, आणि मगच डॉलर त्याच्या हातात. मध्येच त्याने ‘एक मिनिट’ म्हणून नोटांना हात लावला, तर पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजायचं. ‘मॅडम, आत्ताच तर मोजल्या’ म्हणून तो तोंड वाकडं करेल. करू दे. तुम्हाला त्याच्याशी सोयरीक जुळवायची नाही.

मोह कितीचा होता तोही हिशेब मी नंतर मांडला. नेहमीच्या १६,२५० च्या भावाने मला ४८,७५,००० मिळाले असते. म्हणजे १,०५,००० रुपियांच्या, आपल्या सुमारे साडेपाचशे रुपयांच्या लोभाने आम्ही त्या गल्लीत शिरलो. शेजारच्या दहा दुकानांपेक्षा एकाच दुकानाचा भाव चढा असेल, तर तो फरक तो तुमच्याकडूनच वसूल करणार, हे सहकारी बँकेत ठेवींच्या व्याजदराचे खेळ पाहिलेल्या बाईला तरी कळायला हवं होतं.

अशा टेबलांच्या आणखी दोन-तीन खुणा. कॅल्क्युलेटर त्यांचा असतो आणि तो कधी कधी आकडे फिरवून ठेवलेला असतो, म्हणून गुणाकार आपल्या फोनवर करायचा. मोठ्या नोटा ‘संपलेल्या’ असतात, कारण ५० नोटांपेक्षा १०० नोटा मोजताना माणूस लवकर कंटाळतो. आणि सगळं मोजून झाल्यावर अचानक ‘कमिशन’ उगवतं. बालीत परवानाधारक दुकानं ओळखणं अवघड नाही. दारावर बँक इंडोनेशियाच्या परवान्याचं चिन्ह, काचेची खिडकी, नोटा मोजायचं यंत्र आणि छापील पावती. तिथे ‘बीएमसी’ नावाचीही एक जुनी साखळी आहे, मुंबईकरांना पाटी वाचून गंमत वाटते. चांगल्या दुकानांची नावं आणि रंग हुबेहूब उचललेल्या टपऱ्याही असतात, म्हणून नावापेक्षा पावती आणि यंत्र बघा. जिथे पावती मिळत नाही तिथे पैसे बदलायचे नाहीत. त्यांच्या कपड्यांवर, बोलण्यावर जाऊ नका. आमचा पोरगा फार गोड बोलत होता.

पाटीवरचा भाव

सगळीच लूट हातचलाखीची नसते. कित्येकदा नोटा चोख मोजून मिळतात, भावच कापलेला असतो.

परकीय चलनाच्या पाटीवर दोन रकाने असतात, ते घेतात तो भाव आणि ते विकतात तो भाव. ही भाषा दुकानदाराच्या बाजूने असते. तुम्ही बँकॉकमध्ये डॉलर देऊन बात घेता, तेव्हा तो डॉलर ‘घेतो’ आहे. तुमचा रकाना ‘घेतो’वाला. पर्यटकांच्या चौकातल्या काही पाट्यांवर दुसरा रकाना ठळक आणि मोठा छापलेला असतो आणि आपला खाली बारीक अक्षरांत. दोन्ही भावांमधलं अंतर हा त्याचा नफा. माझा ठोकताळा असा : फोनवर बाजारभाव बघायचा, दुकानाचा भाव त्यापेक्षा दोन-तीन टक्क्यांनी कमी असेल तर ठीक, पाच टक्क्यांच्या पुढे गेला तर पुढचं दुकान. विमानतळावर हे अंतर दहा टक्क्यांच्या वरही जातं, म्हणून तिथे फक्त टॅक्सीपुरते पैसे बदलायचे. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर तर गंमतच आहे. वरच्या मजल्यांवर बँकांच्या खिडक्या आणि तळघरात, शहरात जाणाऱ्या रेल्वेच्या मजल्यावर, लहान खिडक्या; बात वरच्यापेक्षा खाली बऱ्यापैकी जास्त मिळतात. इमारत एकच, पाच मिनिटांचं चालणं.

‘शून्य टक्के कमिशन’ या पाटीला तर मी आता हातच जोडते. कमिशन शून्य, कारण ते भावातच मुरवलेलं असतं. याची राजधानी कोणती म्हणाल तर प्राग. युरोपच्या सहलीत प्राग हमखास असतं आणि चेक प्रजासत्ताकात युरो नाही, त्यांचा स्वतःचा कोरुना चालतो, हे निम्म्या लोकांना बसमधून उतरल्यावर कळतं. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना मिळायला हवेत, म्हणजे १०० युरोंना चोवीसशेच्या आसपास. जुन्या शहराच्या चौकातल्या काही खिडक्या ‘शून्य कमिशन’ म्हणत बरेच कमी टेकवायच्या. तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने कायदा बदलला. १ एप्रिल २०१९ पासून तिथे परवानाधारक खिडकीवर केलेला व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, १००० युरोंपर्यंत, एक पैसाही न कापता. पावती घेऊन परत जायचं आणि ‘रद्द करा’ म्हणायचं. आपल्या सहली प्रागमध्ये एक-दोन दिवस असतात, तीन तास म्हणजे भरपूर वेळ. तरी ही सोय ठाऊक नसल्यामुळे लोक बसमध्ये हळहळत बसतात.

हा कायदा खिडकीला लागू आहे, रस्त्यावरच्या माणसाला नाही. वेन्सेस्लास चौकात किंवा स्टेशनजवळ कोणी हळूच येऊन ‘चेंज? चांगला भाव देतो’ म्हणाला, तर त्याच्या हातातल्या नोटा बहुतेक कोरुनाच नसतात. बेलारूसचे रुबल, बल्गेरियाचे जुने लेव्ह, हंगेरीचे फोरिंट अशी कुठलीही रंगीत नोट तो टेकवतो. बेलारूसने २०१६ मध्ये आपल्या चलनावरून चार शून्यं उडवली, तेव्हापासून त्यांच्या जुन्या नोटांना रद्दीचा भाव. परक्या लिपीत छापलेली पाचशेची नोट पाहून आपल्याला काय कळणार? म्हणून निघण्यापूर्वी त्या देशाच्या नोटांची चित्रं फोनमध्ये साठवून ठेवा. त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावर ती असतात. रांगेत उभं असताना एकदा नजर टाकली की पुरे.

शून्यं उडवण्याचा प्रकार तुर्कस्तानातही झाला. १ जानेवारी २००५ पासून दहा लाख जुन्या लिराचा एक नवा लिरा झाला आणि जुन्या नोटा बदलून द्यायची मुदतही २०१५ अखेर संपली. तेव्हा लाखाचा आकडा असलेली लिराची नोट कोणी दिली, तर ती अल्बममध्ये लावायची. ब्रिटनचं आणखी सोपं. २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, आता सगळ्या नोटा प्लॅस्टिकच्या. नात्यातला कोणी ‘माझ्याकडे पडून आहेत, घेऊन जा’ म्हणून कागदी पौंड पुढे करतो, तेव्हा त्याचा हेतू वाईट नसतो, पण नोटा बदलायला बहुतेक वेळा बँक ऑफ इंग्लंडशी व्यवहार करावा लागतो.

आयसी की एनसी?

आता नेपाळ. पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथला आपल्याकडून बसच्या बस जातात आणि सगळ्यांत जास्त मराठी पैसा मला वाटतं इथेच गळतो. परदेश असूनही परदेश न वाटणारा देश. भाव पक्का : भारताच्या १०० रुपयांना नेपाळचे १६० रुपये, १९९३ पासून तोच. दुकानदार हिंदी बोलतो, आपली नोट आनंदाने घेतो. पण ‘रुपये’ हा शब्द दोन्ही चलनांना एकच, आणि सगळी गडबड त्या एका शब्दात.

आमच्या भजनी मंडळातल्या काकूंनी काठमांडूत रुद्राक्षाची माळ घेतली. दुकानदार म्हणाला आठशे. काकूंनी घासाघीस न करता शंभराच्या आठ भारतीय नोटा मोजून दिल्या. माळ नेपाळी आठशेची होती, म्हणजे आपल्या पाचशेची. दुकानदार खोटं बोलला का? नाही. त्याने फक्त दुरुस्त केलं नाही. म्हणून तिथे किंमत ऐकली की पुढचा शब्द हाच : ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. तिथले लोक हेच शब्द वापरतात, पोरंसोरंसुद्धा.

सुट्टे परत घेताना दुसरा घोळ. चारशे नेपाळी रुपयांची वस्तू, तुम्ही भारतीय पाचशे दिले. चारशे एनसी म्हणजे अडीचशे आयसी. परत यायला हवेत अडीचशे भारतीय किंवा चारशे नेपाळी. हातात पडतात अडीचशे, पण नेपाळी. आकडा ‘अडीचशे’च ऐकलेला असल्यामुळे आपण समाधानाने पुढे जातो आणि नव्वदएक रुपये मागे राहतात. दिवसातून दहा वेळा असं झालं की बघा.

तोंडी हिशेब सोपा आहे. भारतीय रकमेत तिची अर्धी मिळवा, वर तिचा दहावा भाग मिळवा. ५०० अधिक २५० अधिक ५०, झाले ८००. उलट जायचं तर पाचाने गुणून आठाने भागा. कोणी ‘दीडचा भाव’ म्हणाला तर सव्वासहा टक्के बुडाले असं समजा आणि दुसरीकडे जा. सरळ उपाय म्हणजे पोहोचल्यावर बँकेत किंवा परवान्याच्या दुकानात पैसे एकदाच नेपाळीत बदलायचे आणि मग त्याच चलनात भाव करायचा, देताना आणि घेताना. कोणत्या भारतीय नोटा किती नेता येतात याचे नियम दोन्ही बाजूंनी वेळोवेळी बदलत आले आहेत. निघण्यापूर्वी ताजा नियम बघावा. शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा सगळ्यांत बिनधास्त. आता तिथे बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआयही चालतं. श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, भूतान, फ्रान्स इथेही काही ठिकाणी चालतं. चळती नाहीत, ड्रॉवर नाही, सुट्टे नाहीत.

सारख्या दिसणाऱ्या नोटा

व्हिएतनामला आपल्याकडून आता भरभरून लोक जातात. तिथली २०,००० डाँगची नोट निळी आणि ५,००,००० ची पण निळीच. दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह. मोठ्या नोटेची किंमत सोळा-सतराशे रुपये, लहानीची सत्तरच्या आसपास. रात्री टॅक्सीतून उतरताना, पावसात, तुम्ही मोठी देता. ड्रायव्हर हात खाली नेतो आणि लहान वर काढून म्हणतो, ‘तुम्ही वीस हजारच दिले.’ हा प्रकार जगभरच्या टॅक्सींत आहे, नुसत्या नोटा वेगळ्या. उपाय घरगुती : मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात, टॅक्सीसाठी लहान नोटा आधीच बाजूला, आणि देताना मोठ्याने आकडा म्हणायचा. ‘फाइव्ह हंड्रेड थाउजंड.’ आकडा एकदा मोठ्याने म्हटलात की ड्रायव्हरला पुढचं नाटक करणं जड जातं. ॲपवरून टॅक्सी बोलावली तर भाडं आधीच दिसतं, कार्डानेही देता येतं.

इजिप्तमध्ये ५० पौंडांची नोट असते आणि ५० पियास्टरचीही. शंभर पियास्टरांचा एक पौंड, म्हणजे दुसरी नोट पहिलीचा शंभरावा भाग. सुट्टे देताना एखाद्या महाभागाने पियास्टरची टेकवली, तर ‘५०’ एवढंच वाचून आपण खिशात घालतो. नोटेच्या एका बाजूला अरबी आकडे असतात, दुसऱ्या बाजूला आपल्या ओळखीचे. ती बाजू उलटून पौंड की पियास्टर, हे वाचून घ्यायचं.

मशीन विचारतं तेव्हा

आता ज्याला कायद्याने फसवणूक म्हणता येत नाही, पण पैसे खरोखर जातात तो प्रकार. परदेशात कार्ड यंत्राला लावलं की पडद्यावर दोन पर्याय येतात : रक्कम त्या देशाच्या चलनात की भारतीय रुपयांत? रुपये पाहून आपल्याला हायसं वाटतं. तिथेच आपण अडकतो. रुपयांचा पर्याय घेतला की भाव तो दुकानदार आणि त्याची कंपनी ठरवते, तुमची बँक नाही.

हिशेब करून दाखवते. सोयीसाठी युरो शंभर रुपयांना धरू आणि बिल २०० युरोंचं, म्हणजे २०,००० रुपये. यंत्राने सहा टक्के चढवून रुपयांत २१,२०० दाखवले. त्यावर कित्येक बँका अशा व्यवहाराला एक टक्का आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावतात, म्हणजे आणखी अडीचशे. झाले जवळपास साडेएकवीस हजार. युरोच निवडला असता तर, तुमचं कार्ड साडेतीन टक्के लावणारं असलं तरी जीएसटी धरून सुमारे २०,८२६. आणि परदेशी व्यवहारावर शुल्क न लावणारं कार्ड असेल तर वीस हजारांच्या आसपास. म्हणून उत्तर एकच, नेहमी त्या देशाचं चलन. वेटर कधी कधी आपल्याला न विचारताच बटण दाबून यंत्र पुढे करतो. पिन टाकण्याआधी पडद्यावरचं चलन वाचा. रुपये दिसले तर ‘रद्द करून युरोत करा’ म्हणा. पावती आल्यावर भांडण्यापेक्षा ते सोपं.

एटीएमवर हाच प्रश्न जरा धमकीच्या सुरात येतो. ‘हा भाव मान्य आहे का? नामंजूर?’ नामंजूर दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत अशी भीती वाटते. तसं होत नाही. नामंजूर म्हणजे फक्त त्यांचा भाव नामंजूर. पैसे बाहेर येतात, भाव तुमची बँक लावते. बँकेच्या शाखेतलं एटीएम निवडा, पर्यटकांच्या गल्लीत भिंतीला एकटं चिकटवलेलं नको. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बात किंवा त्याहून जास्त शुल्क लागतं, तेव्हा थोडे थोडे दहा वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा. आणखी एक : युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड प्रागमध्ये कोरुनासाठी वापरलं, की चलन बदलण्याचं वेगळं शुल्क लागतं. कार्डावर कोणतं चलन भरायचं ते सहलीचा कार्यक्रम पाहून ठरवा, एजंटला सोयीचं म्हणून नाही.

रस्त्यात भेटणाऱ्या दोन प्रकारच्या माणसांबद्दल थोडक्यात. एक ‘पोलीस’. ओळखपत्र झटकन दाखवून ‘खोट्या नोटा फिरताहेत, पाकीट तपासायचंय’ म्हणतो. खरा पोलीस रस्त्यात तुमच्या नोटा मोजत नाही. ‘ठाण्यात चला’ म्हणा आणि पाकिटाला हात लावू देऊ नका. दुसरा, कुटुंबकबिल्यासह फिरणारा हसरा पर्यटक. त्याला भारताची नोट कधी पाहायला मिळालेली नसते. तुम्ही कौतुकाने पाकीट उघडता आणि त्याची बोटं आमच्या बालीच्या पोराइतकीच चपळ असतात.

निघण्याआधी, इथेच

निम्मं काम घरूनच होतं. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याच्या दुकानातून किंवा बँकेतून चलन घ्या, पासपोर्ट आणि पॅन द्या, बिल घ्या. एका सहलीला रोख परकीय नोटा साधारण ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकीचे कार्डावर. दुकानात रुपये रोखीने द्यायची मर्यादा ५०,००० आहे, त्यावर चेक किंवा कार्ड. बालीला जाताना शंभर डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा मागा. लहान नोटांना आणि डाग पडलेल्यांना तिथे भाव कमी मिळतो. मुंबई विमानतळावर सुरक्षा तपासणीनंतरच्या खिडकीवर धावत जाऊन चलन घेणं म्हणजे मांडवात आल्यावर नवऱ्यासाठी शेरवानी विकत घेण्यासारखं आहे.

आणि ‘बिलाशिवाय चांगला भाव’ देणारा ओळखीचा माणूस नको. ते बेकायदेशीरच, शिवाय नोट खोटी निघाली तर तक्रार कुठे करणार? मुंबई-ठाण्यातला रियाल-दिरहमवाला प्रकार तर किती वर्षं चालू आहे. कोणी गरीब चेहऱ्याचा माणूस एक खरी दिरहमची नोट दाखवतो, ‘अशा खूप आहेत, स्वस्तात देतो’ म्हणतो, आणि रुमालात बांधलेला गठ्ठा हाती देतो. वर एक खरी नोट, खाली वर्तमानपत्राचे तुकडे. पैसे मोजून घ्यावेत ही पाटी तिथेही टांगायला हवी.

परदेशात फसलातच, तर हॉटेलात जाऊन रडू नका, आमच्यासारखे तीन तास घालवू नका. दुकानाच्या दारातच मोजा, कमी असेल तर तिथेच उभं राहून मोठ्याने सांगा आणि पाटीचा फोटो काढा. अशा टेबलवाल्यांना गर्दी आणि पोलीस हे दोनच शब्द कळतात, बऱ्याचदा ‘चूक झाली’ म्हणत पैसे परत येतात. मात्र पडद्यामागच्या खोलीत ‘बोलू या’ म्हणून बोलावलं तर जाऊ नका. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५ आहे. कार्डाच्या बाबतीत पावती जपून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. आपल्या वकिलातीकडून हे पैसे परत मिळतील अशी आशा धरू नका, त्यांचं ते काम नाही.

शेवटचं, उरलेल्या पैशांचं. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या सहलीसाठी घरात ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत बँकेला किंवा परवान्याच्या दुकानाला विकायच्या असतात. तेव्हा नोटा घेतानाचं बिल जवळ असू द्या. नाणी मात्र इथे बहुतेक कोणीही घेत नाही. ती तिकडच्या विमानतळावरच चहा-कॉफीत संपवून या. आमच्याकडे बालीची मूठभर नाणी अजून देव्हाऱ्याच्या खणात पडून आहेत.